चिठ्ठी लिहिण्याआधी पिशवी रिकामी करावी

मुंबईत नव्याने दवाखाना सुरू करणाऱ्या तरुण डॉक्टरांना औषधांची नावे आणि मात्रा माझ्यापेक्षा अधिक पाठ असतात. अडचण येते ती निराळ्या ठिकाणी. समोरचा रुग्ण आधीच तीन ठिकाणची औषधे घेत असतो, त्याच्या मूत्रपिंडांची खरी अवस्था ठाऊक नसते, बाहेर बाकावर पंधरा जण ताटकळत असतात आणि हातात जेमतेम सात-आठ मिनिटे असतात. त्या मिनिटांत कोणत्या क्रमाने काय पाहावे आणि चिठ्ठीवर ते कसे उतरवावे, हे येथे लिहिले आहे. जुनी औषधे न पाहता नवे औषध लिहिणे ही माझ्या मते आपल्या व्यवसायातली सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. ज्या वाचकांचा वैद्यकाशी संबंध रुग्ण म्हणूनच येतो, त्यांनी हे वाचून स्वतःची औषधे बदलू नयेत; आपल्या डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न मात्र त्यांना येथे सापडतील.

पिशवी

लालबाग-परळच्या चाळीतून येणाऱ्या आजींच्या हातात बहुधा प्लॅस्टिकची एक पिशवी असते. तीत पालिकेच्या दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या असतात, मुलाने ऑफिसजवळच्या डॉक्टरांकडून आणलेल्या असतात, शेजारणीने गुडघेदुखीवर दिलेली एखादी पट्टी असते आणि मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिल्यामुळे नाव व मुदतीची तारीख दोन्ही गमावलेल्या चार-दोन गोळ्याही असतात. पिशवी आणली नसेल तर पुढच्या वेळी आणायला सांगावे, आणि आणली असेल तर ती टेबलावर पूर्ण रिकामी करावी. प्रत्येक पट्टी उलटी करून कंपनीच्या नावाखालचे मूळ औषधाचे नाव वाचावे आणि त्या नावांची यादी रुग्णाच्या कागदावर लिहावी. कंपनीची नावे हजारो आहेत. मूळ औषधे त्यामानाने मोजकी आहेत, आणि यादी मूळ नावांनी केली की घोळ लगेच दिसू लागतो.

अशाच एका पिशवीत मला बीपीच्या दोन पट्ट्या सापडल्या. एकीत नुसते ॲम्लोडिपिन होते आणि दुसरीत टेल्मिसार्टनसोबत पुन्हा ॲम्लोडिपिन. आजी दोन्ही इमानाने घेत होत्या. त्यांचे पाय सुजले, म्हणून तिसऱ्या ठिकाणी फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. तिच्यामुळे रात्री चार-चार वेळा उठावे लागे, उठताना भोवळ येई, आणि त्या भोवळीवर चौथ्या ठिकाणी सिनारिझिन लिहिले गेले. ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांना येणारी सूज ही शरीरात पाणी साठल्याची नसते. बारीक धमन्या सैलावल्याने केशवाहिन्यांतील दाब वाढतो आणि द्रव ऊतींमध्ये झिरपतो. त्यामुळे लघवी वाढवणारी गोळी तिच्यावर फारशी उपयोगी पडत नाही. ॲम्लोडिपिनची मात्रा उतरवली की सूज उतरते. तेथे एक पट्टी कमी केली, आणि नंतरच्या दोन गोळ्यांचे कारणच उरले नाही.

म्हणून प्रत्येक नव्या तक्रारीपुढे आधी हा प्रश्न ठेवावा, की ही तक्रार चालू असलेल्या एखाद्या औषधामुळे तर नाही? बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्याला कोरडा खोकला लागला, तर खोकल्याचे पातळ औषध लिहिण्याआधी ती गोळी बदलावी. पोटाच्या तक्रारीसाठी लेव्होसल्पिराइड किंवा चक्करसाठी सिनारिझिन महिनोन्महिने घेणाऱ्या वृद्धाचे हात थरथरू लागले आणि चाल मंदावली, तर कंपवाताची औषधे सुरू करण्याआधी त्या गोळ्या थांबवून पाहावे.

पिशवीत न येणारी औषधे वेगळी विचारावी लागतात, कारण पुष्कळ लोक त्यांना औषध मानतच नाहीत. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलोलचे थेंब रक्तात शोषले जातात आणि दम्याच्या रुग्णाचा दमा उसळवू शकतात. इन्सुलिन, श्वासातून घ्यायचा पंप, पाळी नियमित करण्याच्या गोळ्या आणि त्वचेला लावण्याची मलमे यांबद्दलही स्वतंत्र प्रश्न हवा. काढ्यातले ज्येष्ठमध रोज भरपूर प्रमाणात घेतले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. त्याच्या जोडीला लघवीची गोळी असेल तर घट अधिक होते. आयुर्वेदिक किंवा घरगुती औषधाबद्दल विचारताना आवाजात नापसंती येऊ देऊ नये. एकदा ती जाणवली की रुग्ण पुढच्या वेळी ते सांगत नाही, आणि आपण आंधळेपणाने लिहीत राहतो.

क्रिएटिनिनचा आकडा पुरेसा नाही

प्रयोगशाळेच्या अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंत तयार होऊन मूत्रपिंडांतून बाहेर टाकले जाणारे द्रव्य, १.१ असले की ते नेहमीच्या मर्यादेत असल्याचे छापून येते आणि आपण पुढे जातो. ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींसाठी हा आकडा मुळीच निश्चिंत करणारा नाही. १४० मधून वय वजा करावे, येणाऱ्या आकड्याला वजनाने गुणावे, त्या गुणाकाराला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे आणि रुग्ण स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणावे. या आजींचे उत्तर मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर येते, म्हणजे त्यांची मूत्रपिंडे तरुणपणाच्या क्षमतेच्या जवळजवळ एक तृतीयांशावर आली आहेत. स्नायू कमी असल्याने त्यांच्या शरीरात क्रिएटिनिन तयारच कमी होते, आणि त्यामुळे अहवाल फसवा दिसतो. हे गणित मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होते. साठीपुढच्या प्रत्येकासाठी ते करावे आणि वजनासह कागदावर लिहून ठेवावे.

त्या एका आकड्यावर बरेच काही ठरते. मूत्रपिंडांची गाळणक्षमता ४५ च्या खाली गेली की मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची कमाल मात्रा निम्मी करावी आणि ३० च्या खाली ते बंद करावे. ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचेच दुसरे औषध अशा रुग्णाला देऊच नये, कारण त्याचे सक्रिय अवशेष शरीरात साठून साखर तासन्‌तास खाली राहते. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, लेव्होफ्लॉक्सासिन आणि डिगॉक्सिन यांच्या मात्रा कमी कराव्या लागतात.

वेदनाशामकांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण येथे माझ्या हातून चूक झाली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत कंबरदुखीने वाकून आलेल्या एका टॅक्सीचालक काकांना मी पाच दिवस डायक्लोफेनॅक लिहून दिले. ते बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी जोडगोळी घेत होते, हे मी विचारले नव्हते. मे महिना होता. दिवसभर घाम गळत असे, आणि शहरात लघवीला जायला जागा सापडत नाही म्हणून ते पाणी मोजूनच पीत. सहाव्या दिवशी ते लघवी कमी झाल्याची तक्रार घेऊन आले, तेव्हा क्रिएटिनिन २.८ होते. औषधे थांबवून आणि सलाइन लावून ते बरे झाले, पण तो आकडा मी विसरलेलो नाही. शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंड दोन आधारांवर आपला गाळण्याचा दाब टिकवते: आत येणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे उघडी राहते आणि बाहेर जाणारी अँजिओटेन्सिन या दुसऱ्या रसायनामुळे आवळलेली राहते. वेदनाशामक पहिला आधार काढतो, टेल्मिसार्टन दुसरा काढते आणि लघवीची गोळी मुळातले पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाला सावरायला काही उरत नाही. अशा रुग्णाला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्यावे, शेक आणि व्यायाम सांगावा. आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर बीपीची ही जोडगोळी व मेटफॉर्मिन तात्पुरते थांबवून लगेच दाखवायला यावे, हे चिठ्ठीवरच मराठीत लिहावे. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल नव्याने सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे.

पावसाळ्यातला ताप

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत ताप म्हणजे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा आजार) किंवा साधा विषाणूजन्य ताप यांपैकी काहीही असू शकते, आणि पहिल्या दिवशी त्यांतला फरक तपासणाऱ्या हाताला कळत नाही. निदान होईपर्यंत ताप उतरवण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल वापरावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन टाळावे, कारण डेंग्यूत प्लेटलेट घटत असताना ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. स्नायूत इंजेक्शन देण्याचा मोहही त्याच कारणाने आवरावा. प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅम ही पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा आहे. ५० किलोपेक्षा कमी वजन, कुपोषण किंवा नियमित मद्यपान असेल तर २ ते ३ ग्रॅमवर थांबावे. ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा घेणारा माणूस २.६ ग्रॅमवर असतो. त्याने सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली जोडगोळी तीन वेळा घेतली आणि तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असले, तर तो ४.१ ग्रॅमवर पोहोचतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मलेरियाची औषधे रक्त तपासल्याशिवाय सुरू करू नयेत. व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा प्रकार आढळल्यास क्लोरोक्विन तीन दिवस दिले जाते, आणि यकृतात दडलेले जंतू मारण्यासाठी प्राइमाक्विन १४ दिवस द्यावे लागते. प्राइमाक्विनआधी जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी करावी. हे विकर कमी असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी त्या औषधाने फुटतात. पारशी समाजात आणि इतर काही समाजांत ही कमतरता अधिक आढळते. गरोदर स्त्रीला आणि तान्ह्या बाळाला प्राइमाक्विन देत नाहीत.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण झपाट्याने वाढले. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देण्याची पद्धत या शहरात रुजली आहे. प्रौढाला २०० मिलिग्रॅम, शक्यतो ७२ तासांच्या आत द्यावे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन वापरतात. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घशात किंवा अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण होतो. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, हे तोंडी सांगावे. दूध, लोह आणि आम्लपित्तावरची पातळ औषधे यांच्यासोबत ती घेऊ नये.

जुलाबांत मुख्य औषध ओआरएस आहे, आणि त्यात होणारी चूकही ठरलेली आहे: एक लिटर पाण्याचे पाकीट थोडे थोडे करून पेल्यात मिसळले जाते. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर, चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यायचे, हे दर वेळी सांगावे. मुलांना सोबत जस्त १४ दिवस द्यावे.

मुलांची मात्रा मिलिलिटरमध्ये

मुलाचे वजन दवाखान्यातल्या काट्यावर घेतल्याशिवाय औषध लिहू नये. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. दहा किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. हेच १५० मिलिग्रॅम ५ मिलिलिटरमध्ये १२० असलेल्या बाटलीतून सुमारे ६ मिलिलिटर होतात, ५ मिलिलिटरमध्ये २५० असलेल्या बाटलीतून ३ मिलिलिटर आणि एका मिलिलिटरमध्ये १०० असलेल्या थेंबांच्या बाटलीतून १.५ मिलिलिटर. थेंबांच्या बाटलीतले औषध आईने पहिल्या बाटलीच्या हिशेबाने ६ मिलिलिटर दिले, तर मुलाच्या पोटात चौपट मात्रा जाते. त्यामुळे चिठ्ठीवर मिलिग्रॅम, बाटलीची तीव्रता आणि मिलिलिटर या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. ‘एक चमचा’ लिहू नये, कारण स्वयंपाकघरातले चमचे सारखे नसतात. बाटलीसोबतचे मोजमाप किंवा सिरिंज वापरून दाखवावी.

सर्दी-खोकल्याची पातळ औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले आहे. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि एक वर्षावरील मुलाला मध, एवढ्यावर बहुतेक खोकले जातात, हे आईला समजावून सांगायला चार मिनिटे अधिक लागतात, ती द्यावीत.

साखरेची गोळी आणि माणसाचा दिवस

विरारहून पहाटेची गाडी पकडणारा माणूस सव्वापाचला ग्लिमेपिराइड घेतो, कारण चिठ्ठीवर ‘सकाळी’ असे लिहिलेले असते. त्याचा डबा उघडतो ऑफिसमध्ये, साडेनऊ-दहाला. मधल्या चार तासांत गर्दीत उभे असताना त्याला दरदरून घाम येतो, हात कापतात, आणि शेजारच्यांना वाटते की उकाड्याने झाले. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘दिवसाच्या पहिल्या जेवणाबरोबर, जेथे जेवाल तेथे’ असे लिहावे. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवायला सांगावे. त्रास झाल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग काहीतरी खावे.

उपवासाचे वेळापत्रक रुग्ण आपणहून सांगत नाही, आपणच विचारावे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामे असते आणि जेवण रात्री नऊच्या पुढे जाते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी साखर आधी चढवते. नवरात्रात हे नऊ दिवस चालते. रमझानमध्ये सकाळची मुख्य मात्रा इफ्तारकडे न्यावी लागते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनची मात्रा मात्र उपवासाच्या दिवसासाठी आधीच कमी करून द्यावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी कडक उपवासात आणि आजारपणात थांबवावी, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते.

प्रतिजैविके आणि क्षयरोग

घसा दुखतो, नाक वाहते आणि खोकलाही आहे, असे चित्र असेल तर कारण बहुधा विषाणू असतो आणि ॲझिथ्रोमायसिनचा उपयोग नसतो. ते न देण्याचे कारण रुग्णाला सांगावे आणि कोणती लक्षणे दिसली तर परत यावे हेही सांगावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर मुंबईत पहिला विचार क्षयरोगाचा करावा आणि थुंकी तपासणीला पाठवावी. येथे लेव्होफ्लॉक्सासिन लिहिणे मला अक्षम्य वाटते: ते क्षयजंतूंवर अर्धवट काम करते, चार दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि प्रतिकारक जंतू वाढायला वाव मिळतो.

क्षयाचे उपचार चालू असलेल्या रुग्णाची इतर औषधे पुन्हा तपासावीत. रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध यकृतातील इतर औषधे मोडणारी विकरे वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होतात, रक्त पातळ करणारे ॲसिनोकुमारॉल अपुरे पडते, आणि बीपीची व साखरेची औषधेही उणी पडू लागतात. आपण त्यांच्या मात्रा वाढवतो, आणि सहा महिन्यांनी रिफॅम्पिसिन थांबले की त्या वाढवलेल्या मात्रा दोन-तीन आठवड्यांत जड होतात. उपचार संपण्याची तारीख म्हणूनच कागदावर ठळक लिहावी. उलट बाजूने, ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्याने जुलाबांसाठी मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणून घेतले तर रक्तस्रावापर्यंत वेळ जाऊ शकते.

कागदावर काय असावे

औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, अशी तरतूद वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये करण्यात आली. त्यासोबत तीव्रता, वेळ, किती दिवस, आणि ‘बीपीसाठी’, ‘सांधेदुखीसाठी’ असा हेतू लिहावा. दशांश चिन्हाआधी शून्य हवे, नंतर नको: ०.५ लिहावे, ५.० लिहू नये, कारण टिंब पुसट झाले की पाचाचे पन्नास होतात. इन्सुलिनपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. ‘लागल्यास’ घ्यायच्या गोळीपुढे दिवसातली कमाल संख्या आणि दोन मात्रांतले अंतर लिहावे. पित्ताची पँटोप्राझोल सवयीने प्रत्येक चिठ्ठीत जाते. ती कधी थांबवायची, तेही लिहावे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहिताना ‘आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी’ असे अक्षरांत लिहावे आणि रुग्णाकडून म्हणवून घ्यावे. हे औषध चुकून रोज घेतल्याने माणसे दगावतात. ॲलर्जी, वजन आणि बाळंतपणाच्या वयातील स्त्रीची शेवटच्या पाळीची तारीख चिठ्ठीच्या माथ्यावर हवी. टेल्मिसार्टन आणि फेफऱ्यावरचे व्हॅल्प्रोएट ही गर्भाला अपाय करणारी औषधे आपण एरवी किती सहज लिहितो!

चिठ्ठी हातात दिल्यावर विचारावे, “आजी, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?” त्या जे सांगतील त्यात चूक असेल, तर ती तेथेच सुधारता येते.

औषधाने अपाय झाल्याचा संशय आला तर तो कळवावा. खात्री होण्याची वाट पाहू नये. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत. कळवताना कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक अवश्य द्यावा. १९८६ मध्ये याच शहरात, जे. जे. रुग्णालयात, डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. अशा वेळी दोष औषधाचा की एका बॅचचा, हे त्या क्रमांकाशिवाय शोधता येत नाही. म्हणून नव्या औषधाची पट्टी किंवा बाटली संपेपर्यंत फेकू नये आणि मेडिकलवाल्याकडून क्रमांक असलेला भाग कापून घेऊ नये, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो, आणि त्यांनी ती पिशवीत ठेवली आहे का हे पुढच्या भेटीत पाहतो.